खैरुद्दीनची भिंत

"अगे दीरूझ रोगन मीझदी, एमरूझ पारे नमीशोद!"

हाजी एस्कंदर मशीनच्या खोलीच्या दारात उभा राहून ओरडत होता. आत तो कधी यायचा नाही. आत फरशी तेलकट आणि त्याचा झगा धुवट पांढरा. दारातूनच छत्रीचं टोक कंप्रेसरकडे रोखून त्यानं तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. काल तेल घातलं असतंस, तर आज तुटला नसता.

खैरुद्दीन मशीनखाली उताणा पडला होता. त्यानं मान बाहेर काढून मला विचारलं, "काय म्हणतोय?"

"तेल घाल म्हणतोय."

"पट्टा तुटलाय. पट्ट्याला कोण तेल घालतंय काय? निसटंल ना तो."

बरोबरच होतं त्याचं. पण हे हाजीला कुणी सांगायचं? मी हाजीकडे वळलो आणि माझ्या सगळ्यात गोड फारसीत म्हणालो, "हाजी, तो म्हणतो, मला कळलं असतं तर मी कालच घातलं असतं."

हाजी "हं" म्हणाला, छत्री काखेत मारली आणि निघून गेला. खैरुद्दीन पुन्हा मशीनखाली सरकला. मी कपाळावरचा घाम पुसला. रोज हेच. दिवसातून दोनदा, तीनदा. दोन माणसांच्या मधे उभं राहून माझं डोकं म्हणजे खाडीवरचा नांगर झाला होता, इकडून ओढा, तिकडून ओढा.

ही गोष्ट दुबईची, एकोणीसशे चौसष्टची. खाडीच्या डेरा बाजूला हाजी एस्कंदरचा बर्फाचा कारखाना होता. हाजी समुद्रापलीकडचा, इराणातल्या लिंगे बंदराचा. मशीन सांभाळायला आमचा खैरुद्दीन, हर्णैचा. आणि मी, अलीमियाँ, दाभोळचा. दारावर मच्छीवाल्यांना बर्फ फोडून देणं हे माझं काम, आणि फुकटचं दुसरं काम हे दुभाषेपणाचं.

फारसी मी शाळेत शिकलो नाही. शाळाच पाहिली नव्हती. मी उतरलो तेव्हा माझ्या खोलीशेजारी यूनुस नावाचा इराणी भट्टीवाला होता. त्याच्या तंदुरापाशी उभं राहून रोटीची वाट बघता बघता मी भाषा उचलली. आधी ये, जा, दे, घे. मग आलो, गेलो, दिलं, घेतलं. एवढ्यावर माझं वर्षभर भागलं. पण ही माणसं बोलायची ते निराळंच. त्यांच्या तोंडात सदा 'अगे.' आपलं जर. पाऊस पडला असता तर. बापानं बाग विकली नसती तर. मी बसऱ्याला गेलो असतो तर.

यूनुसला मी एकदा विचारलं, जे झालंच नाही ते तुम्ही सांगता कसं? त्यानं पीठ थापता थापता सांगितलं. "रोज बाजारात जायचो, हे कसं म्हणशील? मीरफ्तम. आणि गेलो असतो, पण गेलो नाही, हे कसं? तेही मीरफ्तम. पुढे फक्त 'अगे' लाव."

मी म्हटलं, "रोज केलेलं आणि कधीच न केलेलं, दोन्हीला एकच शब्द?"

"मग? म्हाताऱ्याला विचार, त्याला तरी फरक कुठे आठवतो?" यूनुस हसला आणि रोटी तंदुरात चिकटवली.

ते मला फार आवडलं. मी ते घासूनपुसून शिकलो. बाजारात इराणी लोक म्हणायचे, हा हिंदी तर आमच्या घरच्यासारखा बोलतो. माझी छाती फुगायची. खोटं कशाला सांगू, त्या फुगलेल्या छातीपायीच पुढचं सगळं झालं.

खैरुद्दीनची तऱ्हा उलटी. त्याला फारसीच काय, आपल्या भाषेतही 'असतं तर' जमत नसे. जमत नसे म्हणजे, तो म्हणायचाच नाही. मी कधी जेवताना म्हटलं, "आज बांगडा मिळाला असता तर काय मजा आली असती," की तो ताटातली डाळ दाखवायचा. "डाळ हाय."

"अरे, मी म्हणतोय मिळाला असता तर."

"नाय मिळाला ना? मग? आमची आई सांगायची, जर-तर म्हटलं की सैतान दाराला खांदा लावतो."

"तुझ्या सैतानाला माझ्या बांगड्याशी काय घेणं?"

"घास घे. थंड होतंय."

असा माणूस. तोवर पाच वर्षं एका खोलीत राहिलो होतो मी त्याच्याबरोबर. एकदाही त्यानं कुणाला दोष दिला नाही, एकदाही हळहळला नाही. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. राहून बघा एकदा अशा माणसाबरोबर! तुम्ही वैतागून दहा वाक्यं बोलावीत आणि त्यानं "बरं" म्हणून कूस बदलावी.

त्याला लिहिता येत नव्हतं. पण मशीनच्या खोलीतल्या चुन्याच्या भिंतीवर तो खडूनं रोज एक खूण करायचा. मशीन चाललं की उभी रेघ. बंद पडलं की फुली. आणि मालकाला काही सांगायचं असेल आणि ते सांगून झालं असेल, तर गोळा. त्याचा बाप गलबतावर तांडेल होता, तो फळीवर अशा खुणा करायचा म्हणे. खैरुद्दीनच्या रेघा त्याच्या खांद्याच्या उंचीवर, एकसारख्या, ओळीनं उभ्या. लग्नाच्या पंगतीला बसल्यासारख्या. तो सांगायचा, आजवर माझ्या हाताखालचं मशीन कधी फुटलेलं नाय. एवढाच त्याचा अभिमान. बाकी घरी बायको बदरुन्निसा, दोन मुली, आणि इथे पत्र्याची एक पेटी.

त्या वर्षी एप्रिलात तो हात पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, "हाजीला सांग, दांड्याचं पॅकिंग गेलंय. गॅस झिरपतोय. नवीन मागव. नाय बदललं तर फुटणार. माणसं मरतील आत."

हाजी तेव्हा पुढच्या खोलीत गालिच्यावर बसला होता. चार व्यापारी, समोर चहाचे छोटे पेले. मी दारात गेलो, सलाम केला. आता त्या बैठकीत, पाहुण्यांच्या देखत, मालकाला 'माणसं मरतील' म्हणायचं? त्या लोकांची समजूत अशी, की वाईट बोललं की ते येतं. शिवाय मला माझी चांगली फारसी दाखवायची होती. मी म्हणालो, "अगे पॅकिंग नो बूद, खूब मीशोद, हाजी." पॅकिंग नवीन असतं, तर बरं झालं असतं.

हाजीनं साखरेचा खडा दातात धरून उत्तर दिलं, "आणि माझ्या बापानं मला शीराझला बाग ठेवली असती, तर मी या भट्टीत बर्फ विकत बसलो नसतो."

सगळे हसले. मीही हसलो. परत आलो.

"सांगितलं?" खैरुद्दीननं विचारलं.

"सांगितलं."

त्यानं खडू घेतला आणि भिंतीवर एक गोळा काढला.

मे महिन्यात तेच. मी तेच वाक्य बोललो, फक्त पुढे थोडी साखर आणखी पेरली. हाजी म्हणाला, मुंबईचं जहाज वेळेवर आलं असतं तर पॅकिंगही आलं असतं. जूनच्या पहिल्या जुम्याला पुन्हा तेच. त्या दिवशी खैरुद्दीननं माझा दंड धरला. "नीट सांगितलंस ना? माणसं मरतील, असं?"

मी चिडलो. खरोखर चिडलो. "अरे, कितीदा सांगायचं? माझी जीभ झिजली तुम्हा दोघांच्या मधे! तूच शीक की फारसी!"

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं तिसरा गोळा काढला.

पुढच्या बुधवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, दांड्याचं पॅकिंग सुटलं.

बर्फाच्या टाकीची खोली मशीनच्या मागे. तिथे सहा बलुची हमाल लाद्या काढत होते, आणि त्यांना बाहेर यायची वाट मशीनवरून. एक मोठा फुसकारा झाला. मग तो अमोनियाचा वास. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. नाकात सुऱ्या खुपसल्यासारखं होतं. मी दारावर होतो. बर्फाचा टोच्या टाकून मी रस्त्यावर धावलो. थेट मशिदीपर्यंत. मागे वळून पाहिलं ते तिथे.

खैरुद्दीन बाहेरच्या उंबऱ्यावरच बसला होता त्या वेळी. दोन पावलांत तो मोकळ्यावर आला असता. त्यानं गोणपाट पाण्याच्या डब्यात बुडवलं, तोंडाला गुंडाळलं आणि आत गेला. चाचपडत दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. हे मला नंतर हमालांनी सांगितलं. ते एकामागोमाग एक रांगत बाहेर आले, खोकत, ओकत, पण जिवंत. शेवटी तो आला. तोवर मी परत आलो होतो; मी त्याच्या डोळ्यांवर डब्यानं पाणी ओतत होतो आणि तो म्हणत होता, "बंद केलंय. बंद केलंय."

दवाखान्यातल्या डॉक्टरनं उजवा डोळा वाचवला. डावा नाही.

चौथ्या दिवशी हाजीनं मला बोलावून घेतलं. पुढच्या बोटीनं मिस्त्रीला घरी पाठव, म्हणाला. मी गयावया केली. हाजी, त्यानं माणसं वाचवली. त्यावर हाजीनं तळहात वर करून मला थांबवलं.

"वाचवली, ठीक. पण फुटू कुणी दिलं? पाच वर्षं मी ऐकतोय. काही मोडलं की तो म्हणतो, कळलं असतं तर केलं असतं. प्रत्येक वेळी! ज्याला कधीच काही आधी कळत नाही, त्याच्या हाती मी मशीन देऊ? सगळ्या खाडीला सांगणार आहे मी."

'कळलं असतं तर' हे खैरुद्दीन कधीच म्हणाला नव्हता. ते सगळं माझं. पाच वर्षं मी त्याच्या तोंडी माझी गोड वाक्यं घालत होतो. आणि हाजीनं एकदा सगळ्या खाडीला सांगितलं, की मग डेऱ्यापासून बरदुबईपर्यंत कुठल्याही इंजिनापाशी खैरुद्दीनला कुणी उभं करणार नव्हतं. एका डोळ्यानं आणि असल्या नावानं तो हर्णैला जाऊन करणार काय?

तरी मी बोललो नाही. माझीही नोकरी होतीच की.

खोलीवर येऊन मी खैरुद्दीनला सांगितलं. तो खाटेवर डोळ्याला पट्टी बांधून बसला होता.

"का म्हणून काढतोय?"

"म्हणतोय, तू आधी सांगितलं नाहीस."

"मी तीनदा सांगितलंय." तो उठला, भिंत चाचपत चप्पल शोधू लागला. "त्याला म्हणावं, खोलीत ये. भिंत बघ."

"तो काय भिंत बघणार? तुझे गोळे त्याला काय कळणार?"

"तू चल."

किती समजावलं मी त्याला! हाजीचे पाय धर म्हटलं. मी तुला एक वाक्य शिकवतो, पाठ कर म्हटलं: अगे नमीबस्तम, हमे मीमोर्दन. मी बंद केलं नसतं, तर सगळे मेले असते. हाजीला असलंच बोलणं समजतं, त्यानं तो विरघळेल. खैरुद्दीननं ते दोनदा माझ्यामागून म्हटलं, अगदी स्वच्छ. मग विचारलं, "म्हणजे काय याचा अर्थ?" मी सांगितला. त्यानं मान हलवली. "बंद केलंय ना मी. मग केलं नसतं कशाला म्हणू?"

मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाजी स्वतः नुकसान बघायला आला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं झगा उचलून मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं. मागे ते सहा हमाल दाराशी गोळा झाले. खैरुद्दीन आधीच आत उभा होता, भिंतीपाशी, पट्टी बांधलेला. त्यानं सलाम केला. हाजीनं जेमतेम उत्तर दिलं.

खैरुद्दीननं एक रेघ दाखवली आणि म्हणाला, "खूब." मग एक फुली दाखवली. "खराब." एवढे दोन शब्द त्याला येत होते. हाजी कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. रेघांची रांग, मधेच फुली. ज्या दिवशी पट्टा तुटला त्या दिवशीची फुली. ईदला मशीन बंद होतं, ती फुली. कुठल्याही शहाण्या माणसाला कळावं असं ते होतं. मग खैरुद्दीनचं बोट एप्रिलमधल्या गोळ्यावर गेलं. दुसऱ्या हातानं त्यानं मशीनच्या दांड्याला हात लावला.

"गोफ्तम," तो म्हणाला. म्हणजे, 'मी सांगितलं.'

हा शब्द मी त्याला शिकवला नव्हता. रोज दाराआडून माझं बोलणं ऐकून त्यानं उचलला असणार. बोट दुसऱ्या गोळ्यावर गेलं. "गोफ्तम." तिसऱ्यावर. "गोफ्तम."

खोलीत अमोनियाचा वास अजून होता. हाजीनं भिंतीवरून नजर काढली आणि माझ्याकडे वळवली.

"हे काय म्हणतोय? यानं सांगितलं होतं?"

मला फारसी येत होती. त्या खोलीत माझ्याइतकी चांगली कुणालाच येत नव्हती, हाजी सोडून. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. मला ठाऊक असतं तर. पाहुणे नसते तर. तुम्ही रागावला नसता तर. मी सुरुवात केली, "हाजी, अगे मीदूनेस्तम..."

"अगे नको!" हाजी ओरडला. आयुष्यात ज्यानं 'अगे'शिवाय तोंड उघडलं नाही, तो माणूस! "अगे खलास. यानं सांगितलं की नाही?"

दाराशी हमाल उभे होते. मी रस्त्यावर पळालो ते त्या सहाही जणांना ठाऊक होतं. खैरुद्दीन माझ्याकडे बघत नव्हता. तो भिंतीकडे बघत होता.

"गोफ्त," मी म्हणालो. सांगितलं.

"तीनदा?"

"तीनदा. माणसं मरतील असं सांगितलं. मी तुम्हाला तसं सांगितलं नाही."

मला वाटलं, आता छत्री डोक्यात बसते. पण तो खैरुद्दीनकडे वळला, त्याच्या पट्टीकडे पाहिलं, दाराशी उभ्या हमालांकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अगे नमीबस्ती..." आणि थांबला. पुढचं वाक्य त्याला पुरं करता येईना.

"काय म्हणतोय?" खैरुद्दीननं मला विचारलं.

"म्हणतोय, तू बंद केलं नसतंस तर."

"मग?"

"पुढं काय नाय बोलला."

खैरुद्दीननं हाजीला व्हॉल्व्ह दाखवला. "बंद केलंय," तो आपल्याच भाषेत म्हणाला, जणू अजून कुणाला शंका होती.

खैरुद्दीन कारखान्यात राहिला. मला हाजीनं काढलं नाही, फक्त दुभाषेपण काढून घेतलं. दारावरून टाकीवर घातलं, हमालांबरोबर लाद्या ओढायला. ती शिक्षा मला कमीच वाटली, पण माझी पाठ तसं म्हणत नव्हती. पॅकिंग पंधरा दिवसांत आलं. हाजी आता रोज झगा उचलून आत यायचा. खैरुद्दीन म्हणायचा, "खूब." किंवा, "खराब." किंवा बोटानं दाखवायचा. हाजीला सगळं समजायचं. मी पलीकडून बर्फाच्या लादीमागून हे ऐकायचो आणि माझा जळफळाट व्हायचा. एवढी वर्षं तंदुरापाशी घाम गाळून मी भाषा शिकलो, आणि या दोघांचं चार शब्दांत भागत होतं!

दुसऱ्या वर्षी भिंतीला चुना लावायला रंगारी आला. हाजी स्वतः येऊन उभा राहिला. खैरुद्दीनच्या त्या तीन गोळ्यांभोवती त्यानं हाताएवढा चौकोन बोटानं आखून दाखवला. एवढं सोडून लाव.

गॅसनं खैरुद्दीनची छाती धरली होती. पहिले दोन उन्हाळे त्यानं काढले. तिसऱ्याला धाप लागू लागली. अडुसष्टच्या हिवाळ्यात त्यानं स्वतःच हाजीला सांगितलं, "खलास," आणि छातीवर हात ठेवला. हाजीनं त्याला बोटीपर्यंत सोडायला स्वतःची मोटार दिली.

निघायच्या सकाळी तो मशीनच्या खोलीत गेला. मीही मागून गेलो. त्यानं कंप्रेसरला कान लावला, बराच वेळ ऐकलं. मग खिशातून खडू काढून त्या दिवसाची रेघ ओढली. जाणारा माणूस, तरी रेघ काढली. मशीन चालू होतं ना.

चार वर्षं मी जे गिळत होतो ते मला त्या वेळी धरवलं नाही. मी म्हणालो, "खैरुद्दीन, मी त्या दिवशी सरळ सांगितलं असतं, तर तुझा डोळा—"

"अलीमियाँ," तो म्हणाला. नुसतंच नाव घेतलं. मग खडू माझ्या हातात दिला. "उद्यापासून तू काढ. आणि डाव्या बाजूचा आवाज ऐकत जा."

बाहेर मोटारीनं दोनदा भोंगा वाजवला. तो पत्र्याची पेटी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी मी रेघ काढली. त्याच्या रेघेशेजारी, खांद्याच्या उंचीवर. ती जरा तिरकी आली.